सुधाकरभाऊंचं वेबसाइटचं दुकान

आम्ही बनवलेल्या जुन्या वेबसाइटींपैकी निम्म्या आता उघडत नाहीत. किस्से मात्र एकही डिलीट झाला नाही! यवतमाळात एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या खोलीत सुधाकरभाऊ आणि मी डायलअपच्या जमान्यापासून हेच काम करतो. मोडेम किंचाळायला लागला की खालून झेरॉक्सवाला ओरडायचा, "कोणाले मारून राह्यले बे?"

*

पहिलं गिऱ्हाईक जिनिंगवाले शेठ. वेबसाइट यवतमाळात बनली म्हणजे यवतमाळातच दिसेल, असा त्यांना संशय! एसटीनं घाटंजीला गेले, सायबर कॅफे शोधला आणि तिथून फोन केला, "अरे, मी आत्ता पोचलो, अन् वेबसाइट माह्या आधीच येऊन बसली!"

*

तेव्हा समोरच्याच्या कॉम्प्युटरमध्ये आपला मराठी फॉन्ट नसला, तर अक्षरांऐवजी नुसता कचरा दिसायचा. भाऊ फॉन्टची फ्लॉपी खिशात घालून सायकलनं घरोघरी फिरायचे.

मग युनिकोड आलं, वेगळा फॉन्ट न टाकताही मराठी दिसायला लागलं. भाऊंनी आईच्या नावाचं एक पान बनवलं आणि मुद्दाम अनोळखी कॅफेत जाऊन उघडलं. 'शकुंतलाबाई'. काना, मात्रा, सगळं जागच्या जागी! भाऊ खुर्चीवरून उठेचनात.

कॅफेवाला म्हणाला, "काका, टाइम झाला."

"अर्धा तास वाढव गड्या. माय आली आहे!"

*

ढाणकीची यमुना नोकरी मागायला आली. भाऊंनी विचारलं, "कुठं शिकली?"

"तुमच्याच वेबसाइटवर. राइट क्लिक करून आतला कोड पाहू पाहू शिकली. चोरी झाली काय?"

"चोरी कायची? आम्हीही असेच शिकलो, पोरी."

"मंग एक सांगू? तुमच्या कोडात एक टेबलचा टॅग बंद करायचा राहून गेला आहे."

सोमवारी ती कामावर!

*

परवा एक बियाणेवाले आले. "आता एआय पाच मिनिटांत वेबसाइट बनवते, तुमचं काय काम?" आठवड्यानं तेच परत आले. एआयनं लिहिलं होतं, 'समुद्रकिनारी वसलेल्या आमच्या दुकानात आपलं स्वागत.'

"बाकी झकास आहे," ते म्हणाले. "फक्त समुद्र काढून द्या!"

*

एक गुरुजी होते. इथल्या कोलाम आदिवासींच्या कोलामी भाषेतले शब्द स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून त्यांनी फुकटच्या एका साइटवर ठेवले होते. गुरुजी गेले. पुढं ती साइटही बंद पडली. गुरुजींच्या बायको, आमच्या काकू, आमच्याकडे आल्या. "आवाज सापडन काय त्यायचा?"

यमुना महिनाभर शोधत होती. इंटरनेटवर दिसेल तिथं विचारत होती. शेवटी कुठल्याशा दूरदेशच्या माणसाचा निरोप आला: पान सगळ्यांसाठी उघडं होतं, आवडलं, म्हणून तेव्हाच उतरवून ठेवलं. सोबत सगळ्या फाइली!

काकू हेडफोन लावून बसल्या. गुरुजी एकेक शब्द सांगत होते. मधेच मागून बाईचा आवाज, "अवो, चहा थंडा होऊन राह्यला ना!" आणि गुरुजींचा, "आलो, आलो."

भाऊ हळूच म्हणाले, "काकू, नवीन साइटवर टाकताना हे मधलं कापून टाकू?"

काकूंनी हेडफोन तसाच कानावर दाबून धरला.

"माहा आवाज कापा. त्यायचं 'आलो' राहू द्या."