माजघरातली जागा

मला माझं पहिलं मूल घरात व्हायला हवं होतं. सासरच्या माजघरात, आढ्याला बांधलेल्या दोराला धरून, ओळखीच्या माणसांत. एवढीच माझी मागणी होती आणि ती मान्य झाली होती, म्हणूनच मला जास्त राग येतो. सुरुवातीलाच कोणी नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते, चार दिवस तोंड फुगवून बसले असते आणि मग गपगुमान रत्नागिरीच्या दवाखान्यात नाव घातलं असतं. पण आधी हो म्हणायचं, वर कौतुक करायचं आणि ऐन वेळी पायाखालची लादी काढून घ्यायची, ही आमच्या घरची रीत.

घरातच का, असं मला सगळे विचारायचे. नवरा तर फोनवर रोज विचारायचा. तो मुंबईला कंपनीत, मी त्याच्या आईबरोबर पावसकडच्या आमच्या गावात. "लोक घरातून हॉस्पिटलात जातात, तू उलटी कुठे निघालीस?" म्हणायचा. त्याला मी माझ्या थोरल्या बहिणीचं सांगितलं होतं, पण बाप्यांच्या कानात ते शिरत नाही. तिच्या बाळंतपणाला मी सोबत होते. कुठलं हॉस्पिटल ते जाऊ दे. मला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. आतून तिचं कण्हणं ऐकू येत होतं आणि त्यावर एका बाईचा आवाज, "तेव्हा नाही ओरडलीस? आता कशाला गळा काढतेस?" मग चापट. मांडीवर मारलेली चापट दाराबाहेर ऐकू येते, हे मला त्या दिवशी कळलं. बहीण नंतर म्हणाली, "चालायचंच, सगळ्यांनाच मारतात." डोंबल चालायचंच! मी तेव्हाच ठरवलं की मला कोणी असं मारणार नाही.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. माझं माहेर संगमेश्वरच्या आत, पण तिथे वडील अंथरुणाला खिळलेले, आई त्यांच्या उशापायथ्याशी. ती माझं काय करणार? तेव्हा सासूबाई आपणहून म्हणाल्या, "हयच राहा गो बाय. माझी दोन्ही ह्याच माजघरात झाली. मी आहे ना!" त्या "मी आहे ना" वर मी किती विसंबले, ते माझं मलाच ठाऊक.

पलीकडच्या वाडीत एक निवृत्त नर्स राहतात. सरकारी नोकरीत त्यांनी बाळंतपणंच केलेली. त्या आधी नाहीच म्हणाल्या, मग माझी चिकाटी बघून अटी घातल्या. तपासण्या सगळ्या वेळच्या वेळी करायच्या. गाडीवाल्याला सांगून ठेवायचं. रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंच्या कानावर घालायचं. "आणि मी ऊठ म्हटलं की उठायचं. तिथे वाद घालायचा नाही," म्हणाल्या. मी सगळं कबूल केलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला, पण सगळे रिपोर्ट चांगले होते, त्यामुळे त्यांनी दमही दिला आणि नंबरही दिला.

ते दोन महिने माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. सासूबाईंनी जुनी सुती लुगडी काढली, उकळून वाळवली, त्यांची दुपटी आणि लंगोट शिवले. माजघरातली धान्याची कणगी हलवली, खिडकीचं दार नीट लागत नव्हतं ते करून घेतलं, आढ्याला दोर बांधला आणि स्वतः लोंबकळून बघितला. "तुझ्यासारख्या दोघी पेलतील," म्हणाल्या आणि आम्ही हसून हसून खाली बसलो. माझं आणि त्यांचं त्याआधी फार सख्य होतं असं नाही. पण त्या खोलीत आम्ही मैत्रिणी झालो होतो, हे मी आजही नाकारत नाही.

घोळ एकच होता. दिवस भरत होते गणपतीच्या आसपास.

मूल जन्मलं की भावकीला सुवेर येतं. दहा दिवस कोणी देवाला शिवायचं नाही. गणपतीच्या तोंडावर मी बाळंत झाले असते तर आमच्या आडनावाच्या एकाही घरात मूर्ती बसली नसती आणि मुंबईहून रजा टाकून आलेली सगळी माणसं माझ्याकडे बघत बसली असती. त्यामुळे सगळी वाडी माझ्या पोटावर डोळा ठेवून. विहिरीवर, दुकानात, जिथे तिथे, "काय गो, दम धरशील ना?" जणू काही मी एसटी होते आणि मला थांब्यावर थोपवून धरायचं होतं. मी धरला दम. बाप्पा वाजतगाजत आले, माजघरात बसले, वर माटवीच्या लाकडी चौकटीला काकड्या, दोडकी, कवंडळं टांगली. माझा दोर सासूबाईंनी सोडून गुंडाळून ठेवला. चार दिवसांचा तर प्रश्न, म्हटलं असू दे.

गौरींबरोबर आमचे गणपती जातात. त्या दुपारी चुलत सासरे, भावकीतले वडीलधारे, पाटासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या घरचा बाप्पा आज जाणार नाही. सून पोटुशी आहे. ती सुखरूप सुटेपर्यंत तो इथेच राहील." आमच्याकडे हे मानतात. घरात गर्भार बाई असली की मूर्ती पाण्यात सोडायची नाही, पोटातल्याला बाधतं म्हणे. आणि काय सांगू, मला भरून आलं! माझ्यासाठी देवाचा मुक्काम वाढला, अख्खी भावकी माझ्यासाठी थांबली. मी वाकून नमस्कार केला, डोळे पुसले. इतकी मी बावळट.

बाकीच्यांचे गणपती गेले, नवरा गेला, मुंबईच्या गाड्या गेल्या. घरात आम्ही तिघे उरलो. मी, सासूबाई आणि माजघरातला बाप्पा.

दुसऱ्या दिवशी मी सहज विचारलं, "आई, दोर कधी बांधायचा?"

त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आता कसा बांधायचा गो? देव बसलाय ना."

"मग देव दुसरीकडे बसवू."

"बसवलेला देव हलवतात? हलला की तो पाण्यातच जायचा."

"मग मी मागच्या खोलीत होते."

"घर एकच ना. देव आहे तोवर घरात बाळंतपण नाही होत. विटाळ तो विटाळ."

मला आधी वाटलं त्या चेष्टा करतायत. देव थांबवला माझ्या बाळंतपणासाठी, आणि देव आहे म्हणून मी घरात बाळंत व्हायचं नाही! मी उठले आणि तशीच पोट सांभाळत चुलत सासऱ्यांकडे गेले. कडेलाच त्यांचं घर.

"हा देव कोणासाठी ठेवलाय?" मी विचारलं.

"तुझ्यासाठीच ना पोरी."

"मग माझ्यासाठी आज पोचवा त्याला. मला जागा हवी."

त्यांनी कानाला हात लावले. "असं बोलू नये. काही कमीजास्त झालं तर?" मग जरा विचार करून, मोठी मेहेरबानी केल्यासारखं म्हणाले, "मांगर आहे की. तो साफ करून घेऊ."

मांगर म्हणजे घरामागचं खोपट. तिथे आंब्याच्या रिकाम्या पेट्या, पेंढा, फवारणीचे पंप. एक बल्ब, तोही पाऊस आला की जातो. सप्टेंबरातला पाऊस कौलांतून आत येत होता. नर्सबाई येऊन बघून गेल्या. दारातूनच म्हणाल्या, "इथे मी हात लावणार नाही. पाणी नाही, उजेड नाही, उद्या काही झालं तर मी तुला तोंड कसं दाखवू? आता नाव घाल दवाखान्यात." त्यांचं चुकलं नाही. त्यांनी ऊठ म्हटलं होतं, मी उठले. पण मला उठवलं त्यांनी नव्हतं.

नवऱ्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई म्हणते ते ऐक. नाहीतरी हॉस्पिटलच बरं." त्याचं आयतंच झालं. मी फोन कापला आणि मग तीन दिवस सासूबाईंशी बोलले नाही. त्या ताट वाढायच्या, मी जेवायचे. माजघरात सकाळ-संध्याकाळ आरती व्हायची आणि माटवीची पानं वाळून खाली गळायची.

कळा दुपारी सुरू झाल्या. मी मागच्या खोलीत होते. पाणी गेलं तशी मी हाक मारली. सासूबाई धावत आल्या, माझा हात धरला, आणि पहिलं काम काय केलं असेल? माजघराचं दार लावून घेतलं. मग मला मागच्या दाराने बाहेर काढलं आणि वळसा घालून अंगणात आणलं. गाडी येईपर्यंत मी तिथे तुळशीच्या कट्ट्याला धरून उभी होते. ओल्या कपड्यांनी, भर दुपारी, ज्या घरात मला मूल व्हायचं होतं त्या घराकडे तोंड करून.

गाडी आली. मी आत बसले आणि सरकून जागा केली. सासूबाई बाहेरच.

"चला ना."

"तू हो पुढे. शेजारीण येतेय तुझ्याबरोबर. मी दिवेलागणीची आरती करून येते."

"आई, आत्ता?"

"अगो, एकदा तू सुटलीस की आमच्यातला कोणी शिवू शकणार नाही त्याला. आज तरी कोणी नको का?"

"मी आहे ना" म्हणणारी बाई अंगणात उभी राहिली आणि गाडी निघाली.

दवाखान्यात मला कोणी मारलं नाही, हे सांगायला हवं. कोणी वाकडं बोललंही नाही. एका तरुण सिस्टरने माझ्या कपाळावरचे केस मागे सारले आणि विचारलं, "बरोबर कोण आहे?" शेजारीण बाहेर होती, पण मी म्हटलं, "कोणी नाही." मग मी दोराऐवजी खाटेची गार कड धरली आणि जितकं ओरडता येईल तितकं ओरडले. बहिणीच्या वाटचंही ओरडले. दिवे लागल्यावर मुलगी झाली. सासूबाई त्यानंतर पोचल्या, हातात प्रसादाची पुडी. मी ती घेतली नाही.

आणि खरी गंमत पुढेच. सुवेर आलं. आता देवाला शिवणार कोण? चुलत सासऱ्यांनी फर्मान काढलं की पोचवायचा तो घरच्याच हाताने, सुवेर फिटल्यावर. तोवर दुसऱ्या आडनावाचा शेजारी येऊन दिवा लावून जाईल. म्हणजे बाप्पा अजून माजघरातच. आणि बाळंतीण? ती देवाच्या घरात कशी येणार! दवाखान्यातून मला आणि माझ्या दोन दिवसांच्या लेकीला गाडीने मांगरापाशी उतरवलं.

नर्सबाई ज्याला हात लावायला तयार नव्हत्या, त्या खोपटात आम्ही राहिलो. कौलांवर प्लॅस्टिक टाकलं होतं, पंप हलवले होते, वास तसाच होता. सासूबाई माझ्याबरोबर तिथेच झोपायच्या. मला तेल लावायच्या, शेक द्यायच्या, अळिवाची खीर भरवायच्या, लेकीला पायावर घेऊन न्हाऊ घालायच्या. त्यांच्या हातात काही खोट नव्हती. आता देवाला शिवायचं नव्हतं, म्हणून त्या पूर्ण माझ्या होत्या. त्यांचा हात अंगावरून फिरायचा तेव्हा मला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय म्हणून संताप यायचा.

सुवेर फिटलं. ढोल नाही, ताशा नाही, चुलत सासऱ्यांनी आणि चार जणांनी मूर्ती उचलली आणि मांगरावरून नदीकडे नेली. मी दारात लेकीला घेऊन उभी होते. जाता जाता ते म्हणाले, "नमस्कार कर पोरी. त्याच्यामुळे सुटलीस." मी केला नाही. त्यांनी पाहिलं आणि पुढे गेले.

थोड्या वेळाने सासूबाई आल्या. लादी पुसून आल्या होत्या, पदर ओला होता. "चल गो," म्हणाल्या, "माजघर मोकळं झालं. तुझी खाट घातलेय तिथे."

"आता कशाला?" मी म्हटलं.

मग जे इतके दिवस गिळून बसले होते ते मी विचारलं, "त्या दिवशी आरतीला कोण कोण होतं?"

"कोण असणार? तुझे चुलत सासरे बाजारात गेलेले, शेजारीण तुझ्याबरोबर. मी एकटीच होते."

"म्हणजे तुम्ही इथे एकट्या आणि मी तिथे एकटी."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं त्या म्हणतील, देवाचं होतं ते, करावंच लागतं. पण त्यांनी पुढे होऊन माझ्या हातातून लेक घेतली, तिच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून ओला पदर धरला आणि घराकडे चालू लागल्या. मी त्यांच्या मागून गेले. मला दुसरं घर कुठे होतं?