दुसऱ्या व्हायोलिनची शेवटची खुर्ची

लक्ष्मीकांत काणे बँकेच्या बदलीवर मुंबईहून जपानला आले, त्याला २००३ साली चार वर्षं झाली होती. ग्योतोकु या उपनगरात बिऱ्हाड होतं. माणूस सरळ, पण संशयी. शेजाऱ्याने वाकून नमस्कार केला, तरी 'आज हा इतका का वाकला?' म्हणून जिना संपेपर्यंत विचार करायचे.

रविवारी दुपारी वस्तीच्या सभागृहात हौशी वाद्यवृंद जमे. त्यातली दुसऱ्या व्हायोलिनची शेवटची खुर्ची काणेंची. परक्या देशात आपली म्हणावी अशी तेवढीच जागा. त्या वर्षी ओल्मर नावाच्या स्वीडिश संगीतकाराची रचना बसवायला घेतली होती. संचालक तालमीत त्याची हकिकत तुकड्यातुकड्यांनी सांगत. स्टेशनमास्तरचा मुलगा, पॅरिसला शिकला. भोवतालचे लोक सुरांची मोडतोड करत असताना हा दोनशे वर्षांपूर्वीच्या स्वच्छ, आटोपशीर घाटातच लिहीत राहिला. एक सिंफनी तर त्याने पहिल्याच प्रयोगानंतर शेगडीत घातली. "पेन्सिलीआधी त्याचं रबर संपायचं," असं संचालक म्हणाले, तेव्हा काणेंना तो आपल्या नात्यातलाच वाटला.

काणेंना पाश्चात्त्य स्वरलिपी झरझर वाचता येत नसे. ते ओळींखाली पेन्सिलीने सा रे ग म लिहीत. एके ठिकाणी शेजारच्या सत्तरीच्या इशिदाबाई हमखास अर्धी मात्रा आधी घुसत. तिथे त्यांनी रागाने दाबून लिहिलं होतं: 'म्हातारी इथे चुकते.'

प्रयोगाला तीन आठवडे उरले असताना सुशांत नावाचा सॉफ्टवेअर इंजिनिअर व्हायोलिनची पेटी घेऊन तालमीला आला. असे नवे भारतीय चेहरे तेव्हा ग्योतोकुत दर आठवड्याला दिसत. इशिदाबाई संचालकांच्या कानाशी लागल्या, मग हसत म्हणाल्या, "काणेसान, तुमची प्रत आठवडाभर द्याल?"

घरी आल्या आल्या काणे बायकोला म्हणाले, "माझी खुर्ची गेली."

सरोजिनीबाई कचऱ्यात टाकायच्या बाटल्यांची लेबलं सोलत होत्या. "अहो, कागद मागितलाय, खुर्ची नाही."

"इथली रीतच ती. तोंडावर नाही म्हणत नाहीत."

"इशिदाबाईंनी लोणचं नेलं, तेव्हाही तुम्ही म्हणालात, तपासायला नेलं!"

"बरणी आलीय का परत?"

पुढच्या रविवारी स्टँडवर त्यांची प्रत होती, कोरी करकरीत. एकही सा उरला नव्हता. काणे व्हायोलिन पेटीत ठेवू लागले.

"थांबा," इशिदाबाई म्हणाल्या. "प्रती भाड्याच्या आहेत. पेन्सिल खोडूनच परत द्याव्या लागतात. तुमच्या इतक्या खुणा एका दिवसात कोण खोडणार? म्हणून मीच आत्ता खोडल्या, पण त्याआधी झेरॉक्स काढून घेतली." त्यांनी पुढे केलेल्या झेरॉक्सवर पेन्सिल फिकी उमटली होती, म्हणून एकेक अक्षर त्यांनी चित्रासारखं शाईने गिरवलं होतं. "आणि सुशांतसान तुमच्या मागे बसतील. नवख्याला त्यांच्या भाषेत समजावणारं कुणी हवं ना?"

मग इशिदाबाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही खूण सगळ्यांत ठळक होती. महत्त्वाची दिसली, म्हणून माझ्या प्रतीवरही काढली. अर्थ काय हिचा?"

"'इथे सावध'," काणे खाली बघत म्हणाले. मागून वाकून वाचणाऱ्या सुशांतला जोरात खोकला आला.

प्रयोगात ती जागा आली. इशिदाबाईंनी खुणेकडे पाहिलं, श्वास घेतला आणि नेमक्या मात्रेवर आल्या. त्या चुकतात का, हे बघण्यात काणेच अर्धी मात्रा आधी घुसले.

टाळ्या वाजत असताना सुशांत हळूच म्हणाला, "काका, तुमच्या प्रतीवर 'म्हातारी'च्या जागी दुसरं नाव हवं."

काणेंनी खिशातून रबर काढलं, आणि अक्षरं शाईची आहेत हे त्यांना मग आठवलं.