यशोधराने अंगठा खाली केला

यशोधरा,

हे छापून आलं की तू म्हणशील, मावशी, माझं नाव कशाला घातलं? घातलं. बदलून घातलं असतं तरी मळवलीत लोकांनी संध्याकाळच्या आत ओळखलं असतं आणि वर आपण दोघी भित्र्या ठरलो असतो. 'एका गेमपायी बाईनं राहत्या घरावर आणि नोकरीवर पाणी सोडलं' हे वाक्य मी वर्षभर ऐकतेय. वाण्याकडे ऐकते, स्टेशनवर ऐकते, माझ्याकडे केर काढायला येणाऱ्या बाईकडून ऐकते. मला त्याचा कंटाळा आलाय. म्हणून एकदा सगळं सांगून टाकते. काही चुकलं तर भांडायला ये.

तुला न ओळखणाऱ्यांसाठी एवढं सांगायला हवं की तू राजेश्वरीबाईंच्या बंगल्याची केअरटेकर होतीस. मागच्या दोन खोल्यांत तू आणि तुझा नवरा निवृत्ती राहायचात. तो तळेगावला कंपनीत, तू बंगल्यावर. शनिवार-रविवार पाहुण्यांचा गोंधळ, आणि मधले दिवस बंगला, पाऊस आणि तू. मी कॉलेजात शिकवायचे, माझं घर कुंपणापलीकडे, त्यामुळे आपली ओळख कढीपत्त्यावरून झाली आणि भांडणांवरून वाढली.

राजेश्वरीबाईंचा मुलगा स्वराज पुण्यात मित्रांबरोबर कॉम्प्युटरचे गेम बनवतो. गेल्या पावसाळ्यात तो वरच्या खोलीत दोन महिने मुक्कामाला होता. त्यांनी चार गेम एकत्र बांधून 'घाटमाथा' नावाचा संच विकायला काढला होता. चारही एकाच जातीचे, म्हणजे खेळणारा माणूस पडद्यावर दिसतच नाही. त्याचे हात तेवढे दिसतात, आणि जे दिसतं ते त्याच्याच डोळ्यांनी. हे गेम इंटरनेटवरच्या दुकानात मिळतात, आणि तिथे खेळणारे लोक खाली आपलं मत लिहितात. अंगठा वर, नाहीतर अंगठा खाली. ज्या संचाखाली मतंच नाहीत, तो कोणी उघडूनसुद्धा बघत नाही म्हणे.

म्हणून स्वराजनं मतांची सोय केली. दूधवाला महिपती, इलेक्ट्रिशियन पप्पू, पोहण्याचा तलाव साफ करणारा, ड्रायव्हर, सगळ्यांच्या मोबाईलवर त्या दुकानाची खाती उघडून दिली, संच फुकट दिला आणि म्हणाला, "जरा खेळून बघा आणि दोन शब्द लिहा." बोलताना 'खेळून बघा' हे शब्द त्यानं 'चहा घेऊन जा' म्हणावं तसे वापरले होते. सगळ्यांना ते कळलं. महिपतीनं एका हातानं माप धरून दुसऱ्या हातानं लिहिलं, 'गेम एकदम कडक, सर्वांनी घ्यावा'. पप्पूनं मीटरच्या डब्याशी उभं राहून अंगठा वर केला.

तुला तेवढं कळलं नाही. तू खेळायला बसलीस.

स्वराज पुण्याला परतताना एक कॉम्प्युटर वरच ठेवून गेला होता, 'हवं तर खेळा' म्हणून. पहिल्या दिवशी जिन्यावरून खाली येऊन तू मोरीत ओकलीस. दुसऱ्या दिवशीही. डोळे चालतात आणि पाय बसलेले, असल्या गेमनं घाटातल्या एसटीसारखं गरगरतं. निवृत्तीला ते कुठलं ठाऊक? तो दोन दिवस तुझ्याकडे चोरून बघत होता आणि तिसऱ्या दिवशी मला येऊन हळूच म्हणाला, मावशी, या वयात असं होतं का हो? मी इतकी हसले की तो रुसून गेला. तू मात्र तोंडात आवळासुपारी धरून परत वर गेलीस, आणि आठवड्याभरात तुला त्याची सवय झाली.

मी गेम खेळणाऱ्यांतली नाही, होणारही नाही. तुझ्या आग्रहानं एकदा बसले तर भिंतीत तोंड खुपसून उभी राहिले, आणि सुटायला गेले तर छताकडे बघत बसले. तू म्हणालीस, "मावशी, तुमी उठा, मला बघवत न्हाई." पण तू खेळत असताना मी पाहिलंय. पहिला गेम बंद पडलेल्या रेल्वेच्या बोगद्यातून चालत जाण्याचा. कोणी मागे लागत नाही, कोणाला मारायचं नाही, हातात कंदील आणि पाण्याचे आवाज. त्यात तू तासन्तास हरवायचीस. काय एवढं आहे त्यात, असं मी विचारलं तेव्हा कुंपणावर हात ठेवून म्हणालीस, "दिवसभर ताई पाणी, ताई टॉवेल, ताई वायफाय. तितं मला कोन बघत न्हाई. मीच बघते."

मी तुला कढीपत्ता तोडून दिला आणि आत गेले.

मग तू चारही गेम खेळलीस आणि मत लिहिलंस. मराठीत लिहिलंस. मला दाखवलं नाहीस, विचारलंही नाहीस. मी नंतर वाचलं. ते असं होतं:

'पहिला गेम फार चांगला आहे. मी दोनदा पूर्ण केला, परत करणार आहे. दुसरा बंगल्याचा आहे, त्यात दार का उघडत नाही ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. तिसऱ्यात तोच बंगला रात्रीचा करून हातात बंदूक दिली आहे, त्याला नवा गेम म्हणू नये. दोन तास खेळून मेलं की पहिल्यापासून सुरू, मध्ये कुठे थांबता येत नाही. ज्याला घरची कामं आहेत त्यानं कसं खेळावं? चौथा किल्ल्याचा, तो माझा अजून अर्धाच खेळून झाला आहे, म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही. आंब्याच्या पेटीत वरचा थर चांगला आणि खाली भरताड, तसं हे आहे. पहिला गेम वेगळा विकावा. संच घेऊ नये.' आणि अंगठा खाली.

आता त्या दुकानात एक गंमत आहे. मताशेजारी तो माणूस किती तास खेळला तेही दिसतं. तुझ्यापुढे साठाच्या वर. महिपती, पप्पू, ड्रायव्हर, सगळ्यांपुढे शून्य. बाहेरच्या कुठल्या कुठल्या खेळणाऱ्यांनी ते पाहिलं आणि लिहायला लागले की वर अंगठे करणाऱ्यांपैकी एकानंही गेम उघडलेला नाही, या एका बाईचं ऐका. कोणी मशीननं भाषांतर करून वाचलं, कोणी आंब्याची पेटी म्हणजे काय ते विचारलं. बघता बघता तुझं मत सगळ्यांत उपयुक्त म्हणून वर जाऊन बसलं. संच उघडला की आधी तूच.

पप्पू घाबरून तुझ्याकडे आला. मी कढीपत्ता तोडत होते, मला सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, "यशोधराताई, लग्नात जेवन कसं का असंना, भाईर पडताना झकास झालं म्हनायचं असतं. तेवढं पन कळत न्हाई व्हय तुला?"

तू म्हणालीस, "लग्नात जेवनाचे पैसे आपन देत न्हाई, पप्पू. हितं लोक देत्यात."

त्या शनिवारी राजेश्वरीबाई स्वतः आल्या. स्वराज बरोबर होता, पण तो गाडीपाशीच मोबाईल बघत उभा राहिला. बाईंनी मलाही हाक मारून व्हरांड्यात बोलावलं, कारण त्यांची खात्री होती की हे तुझं डोकं नव्हे. प्राध्यापकबाईंनी लिहून दिलंय, असं त्या तुझ्यासमोर मला म्हणाल्या. मी म्हटलं, मी लिहिलं असतं तर इतकं सौम्य लिहिलं नसतं. त्यांना ते आवडलं नाही. मलाही त्यांचं आवडलं नव्हतं. बारावी झालेली बाई, दोन महिने खेळलेली, तिला चार वाक्यांचं मत असू शकतं हे यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं. आणि तू तिथेच उभी, खुर्ची रिकामी असून.

मग त्या तुझ्याकडे वळल्या. माझ्या मुलानं दोन वर्षं रक्त आटवलंय, तू आमच्या घरात राहतेस, आमच्याच कॉम्प्युटरवर खेळलीस, आणि हे असं. इथपर्यंत मला त्यांचं दुःख कळत होतं. आई आहे. पण पुढे म्हणाल्या, "तुला गेममधलं काय कळतं गं?"

तू पदर खोचलास. आवाज नाही चढवला.

"ताई, मे महिन्यात पाहुन्यांनी मला दोन तारे दिले. लाईट न्हवती, गिझर चालला न्हाई म्हनून. तुमी तो रिव्ह्यू फोनवर मला वाचून दाखवला. मी म्हनले, लाईट माझ्या हातात हाय का? तर तुमी म्हनला, लोकांचं मत हाय यशोधरा, ऐकून घ्यायचं, सुधारायचं. मी ऐकून घेतलं. त्यांना झाडूतलं काय कळतं, असं मी इचारलं न्हाई."

गाडीपाशी स्वराजनं मान वर केली आणि एकच विचारलं, चौथा पूर्ण केला का? तू म्हणालीस, नाही, अर्धा राहिलाय. तो काहीतरी बोलणार होता, पण आईनं त्याच्याकडे पाहिलं आणि तो पुन्हा मोबाईलमध्ये गेला. त्या मुलाचा मला राग येतो तो एवढ्याचसाठी.

निकाल ठरलेलाच होता. रविवार रात्रीपर्यंत मत पुसायचं, नाहीतर महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायच्या. निवृत्ती म्हणाला, पुस की, दोन ओळी तर आहेत. दुसरी खोली कुठे बघायची, दुसऱ्या बंगल्यावर कोण ठेवणार? त्याचं खोटं नव्हतं. इथले सगळे बंगलेवाले एकमेकांना फोन करतात. तू रविवारी पाहुण्यांची पोहे-ऑम्लेटं केलीस, चादरी बदलल्यास, त्यांना गाडीपर्यंत सोडून आलीस, आणि मग वर जाऊन कॉम्प्युटर लावलास. मत पुसलं नाहीस. खाली एक ओळ वाढवलीस: 'हे मत काढून टाकायला मला सांगितलं आहे. मी काढत नाही.'

निवृत्ती तुझ्याशी बोलायचा बंद झाला, आणि मग एका सकाळी न बोलताच टेम्पो घेऊन आला. भांडी त्यानंच बांधली. देव्हारा नव्हता, बुद्धाची तसबीर तू मांडीवर घेऊन पुढे बसलीस. राजेश्वरीबाईंच्या मदतीला उभे राहिलेल्यांत महिपती होता, पप्पू होता. मी फाटकाशी उभी होते. तू रडलीस असं नंतर कोणीतरी पसरवलं. मी तिथे होते, तू टेम्पोवाल्याला गॅसची शेगडी आडवी का टाकली म्हणून झापत होतीस.

आता तू कान्ह्याला भाड्याच्या खोलीत राहतेस आणि कंपनीच्या कँटीनला जातेस. पगार कमी, कामाची पाळी वाईट, हे तूच सांगतेस. सुखाची गोष्ट म्हणून हे मी रंगवणार नाही. संच अजून संच म्हणूनच विकला जातोय, पहिला गेम वेगळा केलेला नाही. बंगल्यावर नवी बाई आली आहे, तिनं आल्या आल्या अंगठा वर केलाय. आणि त्या सगळ्याच्या डोक्यावर तुझं मत आहे तसं आहे. मी अधूनमधून उघडून बघते.

फक्त एक काम आपल्या दोघींकडून झालं नाही. चौथा गेम अर्धा आहे, आणि तो पुरा खेळल्याशिवाय त्याच्याबद्दल एक अक्षर लिहिणार नाही, असं तू मला कान्ह्याहून फोनवर सांगितलंस. मी म्हटलं, माझ्या कॉम्प्युटरवर खेळ. त्यावर तो सुरूच होत नाही. लोणावळ्याला बाजारात एक दुरुस्तीवाला आहे, तो आत काय बसवायचं ते बसवून देईल, तर तुझ्या सुट्टीच्या दिवशी दोघींनी माझ्या कॉम्प्युटरचा डबा घेऊन त्याच्याकडे जायचं ठरलं. एका गुरुवारी तुझी पाळी बदलली. नंतर माझा गुडघा धरला. मग दुकान बंद होतं. डबा मी पिशवीत घालून दाराशी ठेवलाय, केर काढणारी बाई रोज तो उचलून पुसते आणि परत ठेवते. लोणावळ्याला जायचं ते अजून राहिलंच आहे.