मरतेभाऊंचा घरचा हिवाळा

आमच्या शेजारचे भाऊ दिवाळीपासून होळीपर्यंत जवळजवळ रोज मरायचे. वडशाच्या एका नाटक कंपनीत ते बापाच्या भूमिका करत, आणि झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटकात बाप तिसऱ्या अंकाच्या पुढे सहसा टिकत नाही. विषानं, गोळीनं, क्षयानं, किंवा पोरानं घराबाहेर काढल्यावर नुसत्या दुःखानं, कसंही मरायला सांगा, भाऊ मरत. आणि असे मरत, की मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेसाठी, माहेरी आलेल्या बाया पदर तोंडात कोंबून रडायच्या आणि त्यांचे नवरे बिडी पेटवायच्या निमित्तानं मान खाली घालायचे. त्यामुळे खरं नाव मागे पडलं आणि गावोगावी ते मरतेभाऊ झाले. त्यांना त्याचा राग नव्हता. नव्या गावात गेले की तेच नाव ते स्वतः सांगायचे.

पावसाळ्यात मात्र ते आमच्यासारखेच धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात असत. आम्ही पोरं धुऱ्यावर उभी राहून ओरडायचो, "भाऊ, एकदा मरून दाखवा ना!" ते रोपांची जुडी हातात धरून ताठ उभे राहत, आमच्याकडे रागानं बघत आणि म्हणत, "रोवना चालू हाये. पावसाळ्यात मी मरत नाई." मग पुन्हा वाकून कामाला लागत.

मरणाचा एवढा सराव असलेल्या या माणसाचा मरणानंतरच्या कशावरही विश्वास नव्हता. स्वर्ग नाही, नरक नाही, भटकणारा आत्मा नाही, पुढचा जन्म नाही. याचा त्यांनी कधी गाजावाजा केला नाही, कुणाशी हुज्जतही घातली नाही. त्यांची बायको, आमच्या सगुणाकाकू, पक्क्या देवभोळ्या. श्रावणातल्या एखाद्या सोमवारी भाऊ त्यांना एसटीनं मार्कंड्याला घेऊन जायचे, गर्दीतून वाट काढत देवळाच्या दारापर्यंत पोहोचवायचे आणि स्वतः बाहेर चपला सांभाळत बसायचे. आत का येत नाही म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचे, "देवाचं नि माह्यं भांडन नाई. वळखच नाई झाली कधी."

आमच्या ओट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्या त्यांची थट्टा करत. "भाऊ, तू रोज मरतं. वर काय दिसते ते तं सांग आमाले." भाऊ चहाची बशी खाली ठेवून गंभीरपणे सांगत, "काईच नाई दिसत, बाई. पडदा पडते, मंग मी उठतो, धूळ झटकतो, चाय पेतो. पन तो जो बाप मेला ना, तो नाई उठत. त्याचं तिथीच खतम." म्हाताऱ्या हसायच्या.

भाऊ गावी असताना कुणी गेलं की मयतीच्या कामाला सगळ्यांत आधी ते हजर असत. बांबू आणणं, लाकडं रचणं, वैनगंगेच्या काठापर्यंत खांदा देणं, सगळं निमूटपणे करत. पण त्यांची खरी रीत तेरवीनंतर सुरू व्हायची. पाहुणे पांगले, मांडव उतरला की भाऊ त्या घरी जायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "गेलेल्या मानसाचं कोनतं काम अर्धं रायलं?" कुणाच्या गोठ्याचं छप्पर शाकारायचं राहिलेलं असे, कुणाचं कुंपण, कुणी लेकीला रुखवतात द्यायला लाकडी पाट करायला घेतलेला असे. भाऊ ते काम पुरं करून द्यायचे. घरचे म्हणत, "राहू द्या भाऊ, त्याच्या आत्म्याले शांती भेटली असन." भाऊ म्हणत, "वरचं तुमी पाहा. खालचं मी पाह्यतो." आणि ते सारवून-लिंपून, खिळे ठोकून, नीट पाहून मगच परत यायचे. पुढे पुढे गावात कुणाकडे माणूस गेलं की लोक आपणहून अर्धी कामं आठवून ठेवायला लागले.

माझे वडील गेले तेव्हा मी नववीत होते, होळी नुकतीच होऊन गेली होती. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत घर रिकामं झालं. तेरवी झाल्यावर भाऊ आले. आईनं सांगितलं, अर्धं काही नाही, धान घरात आलंय, घर शाकारलेलं आहे. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "अन् हिचं?" मी रडतच म्हणाले, बाबा मला बोडीत पोहायला शिकवत होते. बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला पाणी अडवून केलेलं छोटं तळं. मला नुसतं तरंगता यायला लागलं होतं, आणि तेवढ्यात बाबा गेले.

अडचण अशी होती, की भाऊंना पोहता येत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी ते हजर. बोडीच्या पाळीवर उभे राहून त्यांनी नाटकातल्या आवाजात सूचना द्यायला सुरुवात केली: "हात फेक! पाय मार! मान वर!" आवाज असा, की पलीकडच्या शेतातले लोक भांडण पाहायला आले. चौथ्या दिवशी माझ्या नाकातोंडात पाणी गेलं आणि भाऊंनी काही विचार न करता धोतरासकट उडी मारली. मी कशीबशी काठाला लागले, पण भाऊ बुडायला लागले. त्यांना म्हशींच्या गुराख्यानं ओढून काढलं. ते खोकत, ओकत चिखलात बसून राहिले आणि म्हणाले, "आज खरंच मरत होतो ना बापा. तयारी नव्हती." बाबा गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा. पुढे त्या गुराख्यानंच आम्हा दोघांना पोहायला शिकवलं. मला भाऊ फार आवडायचे, आणि ते कशामुळे, असं कुणी विचारलं तर मी हीच गोष्ट सांगते.

त्याच दिवसांत मी त्यांना एक प्रश्न टाकला होता. माझा जीव कशातच लागत नव्हता. बाबा वरून बघताहेत, असं सगळे सांगत. एकटे भाऊ तसं म्हणत नसत. मी चिडून विचारलं, पुढं काहीच नसेल तर सकाळी उठायचं तरी कशाला? भाऊंनी कान कोरला. मग म्हणाले, "लोकं थंडीत घोंगडी पांघरून नाटक पाह्यतात. नाटक संपनार हाये हे सगळ्यायले मालूम असते. म्हनून कोनी पह्यल्याच अंकात घरी जाते का? उलट डोळा लागू देत नाईत." मला ते काही पटलं नाही. मी म्हणाले, "आणि नाटकच आवडलं नाही तर?" भाऊ म्हणाले, "तं मधातल्या गान्यापुरती थांब. गाने चांगले असतात आपल्याकडं." मी थांबले. बारावी झाली, नोकरी लागली, चंद्रपूरला संसार झाला. अजून थांबलेलीच आहे.

आता एक गोष्ट भाऊंच्या विरुद्ध सांगायला हवी. इतरांची अर्धी कामं पुरी करणाऱ्या या माणसाचं स्वतःच्या घरात एक मोठं काम वर्षानुवर्षं अर्धं पडलं होतं. लग्न झाल्यापासून एकही हिवाळा त्यांनी घरी काढला नव्हता. भाऊबीज झाली की कंपनीची गाडी यायची आणि भाऊ पेटी घेऊन जायचे, ते होळीच्या सुमाराला परत यायचे. मधे एखाद्या दुपारी येऊन झोपून गेले तर गेले. धानाची कापणी, चुरणी, वंदनाचं म्हणजे मुलीचं आजारपण, सगळं काकूंनी एकटीनं केलं. तक्रार मात्र कधी केली नाही. त्या हसून म्हणत, "या जन्मी तुमी नाटकाचे. पुढच्या जन्मी हिवाळाभर माह्ये." काकूंना पुढच्या जन्माची खात्री होती, म्हणून त्यांना एवढं मोठं मन करता येत होतं. भाऊ हे ऐकून नुसतं हसायचे. ज्याचा पुढच्या जन्मावर विश्वास नाही, त्यानं ही सवलत घ्यावी का, हा प्रश्न त्यांना पडत असणार. पण गाडी आली की ते जात.

भाऊ गेले त्याला आता दोन वर्षं झाली. झोपेतच गेले, कुणी टाळ्या वाजवायला नव्हतं. तेरवी झाल्यावर मी मुद्दाम थांबले आणि वंदनाला त्यांचाच प्रश्न विचारला. आम्ही दोघींनी सगळं घर धुंडाळलं. कुंपण झालेलं, गोठा शाकारलेला, नांगराचा फाळसुद्धा धार लावून ठेवलेला. अर्धं काहीही सापडलं नाही. कसं सापडणार, त्यांच्या घरातलं ते मोठं काम तर आधीच पुरं झालं होतं. तो हिवाळा मी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

भाऊ जाण्याच्या काही वर्षं आधीची ही गोष्ट. त्या वर्षी दिवाळीच्या आधी काकूंच्या पोटात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, घरी न्या, खाऊ-पिऊ घाला. भाऊबीज झाली आणि कंपनीची गाडी दारात उभी राहिली. पोस्टरवर भाऊंचा चेहरा छापलेला, गावोगावच्या मंडळांच्या मोबाईलवर फिरलेला. कंपनीचे मालक ओट्यावर बसून अजिजी करायला लागले. आतून काकूच म्हणाल्या, "जा ना तुमी. मी कुठी पळून चालली? आपलं ठरलं हाये ना, पुढच्या जन्मी." भाऊ दारात उभे होते. ते मालकांना म्हणाले, "यंदा दुसरा बाप पाहा, शेठ." गाडी त्यांच्याशिवाय गेली. गावातल्या मंडईच्या नाटकालाही ते गेले नाहीत, आणि गाव त्यांच्यावर रुसलं.

मी सुट्टी काढून अधूनमधून जात होते. भाऊंना घरातलं काहीच येत नव्हतं. आंबील करायला घेतली की खाली लागायची. गोधड्या कुठल्या पेटीत, थंडीत पाणी कोणत्या चुलीवर तापतं, सकाळी आंगणात ऊन आधी कुठं उतरतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. काकू खाटेवरून सांगायच्या आणि हसायच्या, "एवढे म्हातारे झाले, घरातला हिवाळाच मालूम नाई तुमाले." भाऊ चुकत, बोलणी खात आणि शिकत. पुढे पुढे आंबील बरी व्हायला लागली. दोघं दुपारभर बोलत बसायचे. काय बोलायचे कोण जाणे, पण नवीन लग्न झालेल्यांसारखे माणूस आलं की गप्प व्हायचे.

माघात काकू फार खंगल्या. एका दुपारी आंगणात खाटेवर पडल्या होत्या. भाऊ शेजारी तुरीच्या शेंगा सोलत होते, वंदना मूल गावाहून आलेली होती, मी भांडी घासत होते. काकू डोळे मिटूनच म्हणाल्या, "अवो, पुढच्या जन्मी भेटू ना आपन? एकदा तुमच्या तोंडानं सांगा."

भाऊंचा हात शेंगेवर थांबला. ते उठून गोठ्यामागे गेले. वंदना त्यांच्यामागे गेली. तिचं रडणं आणि बोलणं मला ऐकू येत होतं. "बाबा, एक वाक्य हाये. जिंदगीभर लोकायले बोलून दाखवलं. मायले एकदा बोलान तं काय जाईन तुमचं?"

भाऊ परत आले. खाटेच्या कडेला बसले. काकूंचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "भेटू, सगुना. कोनत्याबी गावात जलम घे, मी तुले शोधत येईन. दिवाळीपासून होळीपर्यंत तुह्या उंबऱ्याच्या बाहेर पाय नाई टाकनार." आवाज भरून आलेला, शब्दाशब्दाला कंप. वंदना भिंतीला टेकून हुंदके द्यायला लागली. मला अगदी खरं वाटलं ते.

काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग डोळे उघडले. "हा तिसऱ्या अंकातला आवाज होय," त्या म्हणाल्या. "समोर बसून ऐकली हावो मी. लय चांगला हाये. पन मले घरचा पाह्यजे."

भाऊ मान खाली घालून बसले. मग बोलले तेव्हा आवाज एवढा बारीक आणि बसका होता, की मला हातातलं भांडं खाली ठेवावं लागलं.

"मले नाई वाटत सगुना, आपन भेटू," ते म्हणाले. "म्हनूनच तं यंदा गेलो नाई."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांची श्रद्धा ढळली असं मी म्हणणार नाही. शेवटच्या दिवशीही त्यांनी तुळशीचं पाणी मागून घेतलं. पण त्या दुपारी त्यांनी पुन्हा पुढच्या जन्माचं नाव काढलं नाही. भाऊंच्या तळव्यात अडकलेलं शेंगेचं टरफल काढून टाकलं आणि नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाल्या, "मंग बसून काऊन रायले? ऊन तिकडं सरकलं. खाट घ्या माह्यी."

भाऊंनी एका बाजूनं खाट उचलली, वंदनानं डोळे पुसत दुसऱ्या बाजूनं, आणि दोघांनी काकूंना उन्हात नेलं.