लेकीच्या पैशाचं जेवण आणि तोरेमोलिनोसचा समुद्र

काय काय आलं ते आधी सांगते. हॅम्बर्गला नोकरी करणाऱ्या आमच्या एकुलत्या एक लेकीनं, केतकीनं, जाड पाकीट पाठवलं. त्यात आम्हा दोघांची मुंबई ते मालागा जायची-यायची विमानाची तिकिटं, स्पेनमधल्या तोरेमोलिनोस गावच्या समुद्राकाठच्या हॉटेलचा कागद, ह्यांच्यासाठी गवताची टोपी आणि माझ्यासाठी उन्हात लावायचं क्रीम. आमचा खर्च शून्य. कागदावर लिहिलं होतं, चार दिवस राहणं आणि तिन्ही वेळचं खाणंपिणं, सगळं आधीच भरलेलं. माझी अडचण तिथेच सुरू झाली.

आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. माझ्या आईनं हे पाळलं, मीही पाळते. केतकीच्या लग्नाला तीन वर्षं झाली, मूल अजून नाही. फोनवर विषय काढला तर म्हणाली, "अगं, ते माझं घर थोडंच आहे? हॉटेल आहे. ये तर खरी." मी दशम्या करायला घेतल्या. चाळीस दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजके पोहे, गूळ. आमचे हे शाळेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेत. बॅग उचलून बघत म्हणाले, "समुद्रावर चाललोय की शिबिराला?"

केतकी आदल्या दिवशीच हॉटेलवर पोचली होती. "टॅक्सी करा, पैसे मी इथे देते," असा तिचा निरोप. म्हणजे परत तिचेच पैसे. म्हणून आम्ही रेल्वेनं गेलो. जाणाऱ्यांसाठी नीट लिहिते. मालागाच्या विमानतळाबाहेर आलात की समोरच स्टेशन आहे. तिकीट मशीनमधून काढायचं. दोघांचे मिळून पाच युरोंच्या आसपास झाले, टॅक्सीला पंचवीसेक लागले असते. फुएन्हिरोलाकडे जाणारी गाडी धरायची, उलट बाजूची मालागा शहरात नेते. वीसेक मिनिटांनी एक गाडी असते आणि पंधरा मिनिटांच्या आत तोरेमोलिनोस येतं. तिकीट टाकून देऊ नका, बाहेर पडताना लागतं. तिथून समुद्राकडे उतार आणि पायऱ्याच पायऱ्या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी लिफ्ट कुठे आहे ते विचारून घ्यावं. ह्यांनी विचारलं नाही. बॅग घेऊन खाली पोचेपर्यंत दशम्यांना त्यांनी पुष्कळ नावं ठेवली.

हॉटेलात गेल्या गेल्या काउंटरवरची पोरगी मनगटाला निळी पट्टी बांधते. पट्टी असली की जेवणघरात जायचं, हवं ते वाढून घ्यायचं. ह्यांनी हात पुढे केला, मी मागे घेतला. "आई नंतर बांधून घेईल," असं केतकीनं त्या पोरीला इंग्रजीत सांगितलं आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

दोन दिवस छान गेले, खोटं का सांगू. सकाळी गच्चीत बाळकृष्णाची पूजा करायची, समोर निळं पाणी. वाळू करडी, पाणी गार, पाय बुडवला की शिरशिरी यायची. किनाऱ्यावर होडीत विस्तव करून मासे भाजतात, त्या वासानं मी नाकाला पदर लावायची. मात्र जेवायच्या वेळी ते दोघं खाली आणि मी खोलीत दशमी-चटणी घेऊन. हे म्हणाले, "देवाला नैवेद्य दाखव आणि प्रसाद म्हणून जेव. पळवाट आहे."

"देवाला पळवाटेत ओढू नका," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी बाजाराच्या गल्लीत एक सिंधी दुकानदार भेटला. पिशव्या, टोप्या विकतो. माझी साडी बघून म्हणाला, "आंटी, किधर से?"

"भिवंडी से."

"अरे, मेरे साले का लूम है उधर. बैठो, चाय पियो. इधर की चाय पानी है, मेरी चाय पियो."

आलं घातलेला चहा. तीन दिवसांनी असा चहा मिळाला, मी घटाघट प्यायले. कप खाली ठेवला तेव्हा केतकी माझ्याकडे बघत होती. दुकानातून बाहेर आल्यावर हळूच म्हणाली, "त्याचं नाव तरी विचारलंस का, आई? त्याचा चहा चालला तुला."

ती रागावली असती तर मी भांडले असते. ती रागावली नव्हती. मला पडघ्याहून येणारी माझी आई आठवली. भिवंडीला माझ्या घरी यायची ती पाण्याची बाटली आणि भाकरी बांधून. मी पुरणपोळ्या केलेल्या असायच्या. ती "वास छान येतोय गं" म्हणायची आणि स्वतःच्या भाकरीचं फडकं सोडायची. तेव्हा मी भांडी आवरायचं निमित्त करून मोरीत जाऊन उभी राहायची. लेकीचं घेऊ नये ते तिच्यावर भार नको म्हणून, असं आई सांगायची. माझ्यावर भार त्या न खाल्लेल्या पोळ्यांचा होता.

हॉटेलात आल्यावर मी सरळ त्या पोरीसमोर हात धरला. जेवणघरात माझं ताट केतकीनंच वाढलं: भात, टोमॅटोचं गार सार, आणि मध घातलेली तळलेली वांगी. वांग्याला मध, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. पहिला घास घेतला तशी ती पुढे वाकून म्हणाली, "कसं झालंय?" जसं काही तिनंच तळलं होतं.

"मीठ बेताचं आहे," मी म्हटलं. "अजून दोन वाढ."

हे म्हणाले, "आता त्या दशम्यांचं काय करायचं?" केतकी इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

घरी येऊन देवापुढे सगळं सांगितलं. दिवा रोजच्यासारखाच तेवला. शेजारच्या जोशीकाकू म्हणाल्या, "काय हो, लेकीचं खाऊन आलात म्हणे?" म्हटलं, "हो, पोटभर." समुद्र आता फोटोतच राहिलाय, पण ते "कसं झालंय?" कानात आहे.

केतकी, तू हे वाचतेसच. थंडीत आम्ही हॅम्बर्गला तुझ्या घरी येतो, जेवायला येतो, आणि स्वयंपाक तूच करायचा. लोखंडी कढई आहे का तुझ्याकडे, की इथून आणू, ते उलट टपाली कळव.