तीनदा उडवलेली फाईल

त्या दुष्काळात मुकुंदवाडीत आठ-आठ दिवस नळाला पाणी नसायचं. टँकरच्या रांगेतून सुटून मी ऑफिसात पोचले की आमचे सीनियर मुद्दाम घड्याळाकडं बघायचे. पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी केलेल्या घरातला माणूस, बोलणं अगदी शुद्ध. मी लासूर स्टेशनची, बोलणं गावाकडचं. मी तोंड उघडलं की ते ओठातल्या ओठात हसायचे.

कामासाठी प्रत्येकाला एक व्हर्च्युअल मशीन मिळालं होतं, म्हणजे सर्व्हरच्या पोटातच चालणारा वेगळा कॉम्प्युटर. त्याच्या काळ्या पडद्यावर, शेलमध्ये, हुकूम टाईप करायचे. पण आमची सरावाची मशीनं आणि ग्राहकाचं खरं काम ज्यावर चालायचं ते चालू मशीन, सगळ्यांचा पडदा सारखाच दिसायचा. मला त्याची धास्ती वाटायची. म्हणून दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून मी माझं शेल हवं तसं करून घेतलं. सरावाच्या मशीनवर हिरवी ओळ, चालू मशीनवर लाल. आणि काही पुसायला गेलं की पडदा विचारायचा, ‘खरंच पुसायचं व्हय?’

सीनियरनी ते बघितलं आणि सगळ्यांना गोळा करून मोठ्यानं वाचून दाखवलं.

“‘व्हय’ म्हणे! कॉम्प्युटरला गुरं राखायला नेणार आहेस का?”

सगळे हसले. मग माझ्यादेखत त्यांनी हे सगळं लिहिलेली माझी सेटिंगची फाईल उडवली. “मशीन कंपनीचं आहे. तुझ्या घरची चूल नाही.”

माझ्याकडं प्रत होती. मी पुन्हा बसवली, त्यांनी पुन्हा उडवली. तिसऱ्यांदा उडवली तेव्हा तर कंपनीच्या मालकांकडं तक्रार गेली, मुलीला शिस्त नाही म्हणून. मी नाद सोडला.

उन्हाळ्यात एका दुपारी सीनियरनी सरावाचं समजून चालू मशीनवरचं अख्खं फोल्डर पुसलं. आदल्या दिवसाची प्रत होती, पण त्या दिवसाचं सगळं काम गेलं. ग्राहक फोनवर शिव्या घालत होता. मालक आले तेव्हा सीनियर शांतपणे म्हणाले, “सर्व्हर बिघडला.”

मालकांनी माझ्याकडं बघितलं.

“सरांनी पुसलं,” मी म्हणाले. “दिलेले हुकूम शेलमध्ये नोंदलेले असतात. बघा.”

मालकांनी बघितलं. कुणी हसलं नाही.

दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला, माझी फाईल सगळ्यांनी बसवायची. सीनियर माझ्या टेबलाशी आले. “ती फाईल दे जरा.”

“तीनदा तुमच्याच हातात होती की. तेव्हा ठेवून घ्यायची.”

ते लालबुंद झाले. शेवटी त्यांनी ती शेजारच्या टेबलावरून मागून घेतली आणि ‘व्हय’ खोडून ‘आहे का’ केलं.

पुढं दीड वर्ष आम्ही एकाच खोलीत बसलो, कामापलीकडं एक शब्द बोललो नाही. नंतर मी नोकरी बदलली. मध्यंतरी ते एका लग्नात भेटले, ओळखीचं हसले. मी सरळ तोंड फिरवलं. वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.