रॉसकेलींचा कुलवृत्तान्त

हेमचंद्रकाका रिटायर झाले आणि अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळींना धडकीच भरली. या गृहस्थांनी स्वतःच्या घराण्याचा कुलवृत्तान्त आधीच छापून प्रत्येकाच्या गळ्यात मारला होता. आता पुढचं गिऱ्हाईक कोण?

ते घरातच मिळालं. एकुलत्या लेकीने, उर्वीने, शॉन रॉसकेलीशी लग्न ठरवलं. मुलगा गुणी, पण घराणं? काकांचा जीव टांगणीला लागला.

"बाबा, प्लीज, त्याच्या आजीसमोर काही सुरू करू नकोस," उर्वीने बजावलं. "शॉनला त्यांनी एकटीने वाढवलंय. त्यांना आपण आवडायला हवेत."

काकांनी ऐकलं, म्हणजे मान हलवली. मग इंटरनेटवर बसले ते बसलेच. आणि काय सांगू, घबाडच हाती लागलं! आयर्लंडात लॉर्ड रॉसकेलींचं खानदान निघालं. मूळ पुरुष नॉर्मंडीहून तलवार घेऊन आलेला, राजाने जहागीर दिलेली. मग किल्ला, मग दोन भावांची भाऊबंदकी, एक या राजाकडे तर दुसरा त्याच्या शत्रूकडे. सगळं कसं अगदी आपल्यासारखं, म्हणून काका हरखले.

"अगं, सरदार घराणं आहे!" त्यांनी सुचित्राकाकूंना सांगितलं.

"असेना. त्या दिवशी तुम्ही फक्त जेवा," काकू म्हणाल्या.

साखरपुड्याच्या जेवणात श्रीखंड येईपर्यंत काका गप्प राहिले, हाच विक्रम. मग उठले आणि थेट मूळ पुरुषापासून सुरुवात केली. किल्ल्यापर्यंत पोचले, तेव्हा शॉनच्या आजीने, मोरीनने, चमचा खाली ठेवला.

"आडनाव तेच," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण आम्ही त्यांच्या जमिनीवर राबणारे. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळात खंड थकला, तेव्हा त्याच लॉर्डाने आमच्या पूर्वजांना बाहेर काढून घराचं छप्पर उतरवलं."

उर्वीचा चेहरा पाहून काका खाली बसले. कुठून हे तोंड उघडलं, असं झालं त्यांना.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "मी किल्ले शोधत बसलो. लेक कुठल्या माणसांत चाललीय, ते विचारायचंच राहिलं. तुमची माणसं कोण होती?"

आजी म्हणाल्या, "ब्रिजेट. छप्पर गेल्यावर तीन पोरांना घेऊन अमेरिकेच्या बोटीसाठी बंदरापर्यंत चालत निघाली होती. पोचलं एकच." त्यांनी शॉनच्या पाठीवर हात ठेवला. "त्याच्या वंशातला हा."

काकांचे डोळे भरून आले. आपली खुर्ची उचलून त्यांनी आजींच्या शेजारी नेली आणि हळूच विचारलं, "ब्रिजेटचं माहेर कुठलं?"